तीन आठवड्यांचा खापरपणजोबा

...आणि वर बायको मलाच विचारते, "मेलेल्या माणसांचा तुला कसला रे त्रास?" घ्या! म्हणजे जिनं मला या भानगडीत ढकललं तीच वर तोंड करून विचारते! तुम्हाला सांगतो, जिवंत माणसं परवडली. जिवंत माणसाचं कसं, त्याला फोन करू नये, रस्त्यात समोरून दिसला तर दुकानाच्या काचेत बघत उभं राहावं, मिटला विषय. पण मेलेला माणूस एकदा का मागे लागला... कुठल्या काचेत बघणार?

नाही, आता विषय निघालाच आहे तर सगळंच सांगतो. मी टागे. जन्मभर फेरीबोट चालवली. पिवळी, सरकारी, फुकटातली. या काठावरच्या मोटारी त्या काठावर, त्या काठावरच्या या काठावर, मध्ये दहा मिनिटांचं पाणी. पस्तीस वर्षं केलं हे काम आणि एकदाही रस्ता चुकलो नाही! मग निवृत्त झालो नि घरी बसलो. बसलो हेच चुकलं. सोल्वेइला, म्हणजे माझ्या बायकोला, एवढंच विचारलं हो मी, की हा सुरा या खणात का, त्या खणात का नाही? साधा प्रश्न! तर तिनं तो सुरा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, सुऱ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या सभागृहातल्या वर्गात माझं नाव घालून मोकळी. 'आपले पूर्वज शोधा.' दर मंगळवारी, कॉफीसकट.

"जा तिकडे," म्हणाली. "मेलेली माणसं आहेत, उलट बोलणार नाहीत, भांडणार नाहीत, तुझ्यासारख्याला बरीच आहेत."

मेलेली माणसं भांडत नाहीत म्हणे!

आता वर्ग कोण घेणार, तर गुनवोर. गुनवोर म्हणजे आमच्या भागातली जुनी नर्स. जन्मभर लोकांना सुया टोचल्या, आता प्रश्न टोचते. "टागे! बाप कोण? बापाचा बाप कोण? पुरावा कुठंय? आजी म्हणायची? आजी काय, काहीही म्हणेल! उडी मारायची नाही! पायरी पायरीनं मागं जायचं!" आणि पायऱ्या कुठं, तर संगणकावर. चर्चची सगळी जुनी दप्तरं आता तिथं चढवलीत. कोण जन्मलं, कोण मेलं, कोण कुठनं आलं, कुठं गेलं, सगळं. आमच्या देशानं दुसरं काही केलं नसेल, पण लिहून ठेवलंय बघा! पूर्वी पाद्री दरसाल घरोघर फिरायचा, सगळ्यांना टेबलाभोवती बसवायचा, धर्माचं पुस्तक वाचायला लावायचा आणि प्रत्येकाच्या नावापुढे शेरा मारायचा. वाचन बरं. वाचन बेताचं. समज बेताची. माझ्या एका खापरपणजीपुढे काय लिहिलंय माहितेय? 'वाचते चांगलं, बोलते फार.' दीडशे वर्षं झाली त्या बाईला जाऊन, आणि अजून तिची चहाडी तिथं आहे ती आहेच!

तर माझं घराणं पायरी पायरीनं मागं मागं नेता नेता खापरपणजोबाशी येऊन अडलं. आंदेर्स पेर्सन. म्हणजे पेरचा पोरगा आंदेर्स. त्या काळी आडनाव नाहीच, बापाच्या नावापुढे 'सन' लावायचं, झालं काम. त्यामुळे गावात हाक मारली "आंदेर्स पेर्सन!" तर अर्धं गाव वळून बघणार आणि उरलेलं अर्धं त्यांच्या बायका-पोरांचं. आमचा हा आंदेर्स तरुणपणी बाहेरगावाहून आमच्या पारसेनच्या शेतावर कामाला आला. पारसेन म्हणजे माझ्या बापाचा जन्म झाला ते शेत. आता बाहेरगावाहून म्हणजे कुठून? नेमका तिथं शाईचा डाग! दोनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याला शिंक आली, आणि मी इथं अडकलो!

आता यात माझं काय बिघडलं होतं? काही नाही. अडलो तर अडलो. कॉफी प्यायची, दालचिनीचा पाव खायचा, घरी यायचं. पण माझी बुद्धी फिरली. कारण एवर्ट.

एवर्ट म्हणजे माझा मेहुणा, सोल्वेइचा थोरला भाऊ. आणि एवर्ट म्हणजे वालोन. कळलं ना? चार शतकांमागं बेल्जियमकडून इथं लोखंड गाळायला आणलेले लोक ते. काळे केस, काळ्या भुवया, नाकावर राग. आता आमच्या भागात कुणाचेही केस जरा तपकिरी निघाले, कुणी जेवताना मोठ्यानं बोललं, की झाला तो वालोन! पण एवर्ट नुसता वालोन नाही, तो वालोन वंशजांच्या मंडळाचा चिटणीस. कोटाला हातोड्याचा बिल्ला. काही बोला, एवर्टचं रक्त मध्ये येणारच! एवर्टनं रांग मोडली? "आमच्यात ते थांबणं नाही रे." एवर्ट जावयाशी भांडला? "भट्टीचं रक्त, काय करणार!" आणि मग माझ्याकडे वळणार, खांद्यावर हात ठेवणार आणि अगदी मायेनं म्हणणार, "तुमचं बरं आहे टागे. तुमचं रक्त म्हणजे ओटची लापशी. गारही चालते."

चाळीस वर्षं! दर ऑगस्टात झिंग्यांची पार्टी, दर ऑगस्टात ही लापशी!

आणि सोल्वेइ काय वेगळी? ताट फुटलं की, "माझं नाही ते, माझ्यातल्या वालोन बाईचं काम!" असं म्हणून दुसरं ताट उचलणार. मी आपला गप्प बसून तुकडे गोळा करतो. लापशी ना मी!

तर यंदा एवर्टला ऐंशी पूर्ण होणार, मंडळ त्याला मानाचा चांदीचा हातोडा देणार, आणि त्याआधी झिंग्यांची पार्टी आमच्या अंगणात. मी मनाशी म्हटलं, टागे, यंदा नाही तर कधीच नाही. त्याचा तो वालोन एकदा डोळ्यांनी बघू. खोटा निघाला तर सगळ्यांसमोर पुरावा ठेवू, आणि मग बघू लापशी कोण ते!

एवर्टचा पुरावा काय, तर तोही एक आंदेर्स पेर्सनच! हसू नका. आडात तेच तर पोहऱ्यात तेच. हा आंदेर्स एवर्टचा खापरपणजोबा, अठराशे तेरा साली भट्टीच्या गावात जन्मला, बाप पेर लोहार, अस्सल वालोन. एवर्टनं त्या जन्मनोंदीचा मोठा फोटो काढून चौकटीत घालून जिन्यात लावलाय, जाता-येता सगळ्यांना दिसावा म्हणून. मी संगणकावर ते पान काढलं. आहे! पेर लोहाराला मुलगा, आंदेर्स. म्हटलं, गेला आपला ऑगस्ट. तेवढ्यात मागून गुनवोर आली.

"मेला कधी?"

"कोण?"

"हा आंदेर्स! जन्म बघितलास, मृत्यू बघितलास का?"

"अगं, मेला असणारच की, अठराशे तेराचा आहे."

"टागे! जन्म बघितला की मृत्यू बघायचा! जन्म काय, सगळ्यांचाच होतो!"

म्हणून मी मृत्यूची वही उघडली. आणि काय सांगू तुम्हाला... तेच साल, तोच महिना संपताना, एक ओळ. पेर लोहाराचा मुलगा आंदेर्स. वय तीन आठवडे. कारण, न कळलेला बालरोग.

तीन आठवडे! मला सांगा, तीन आठवड्यांचा खापरपणजोबा कुणी बघितलाय? त्याला सात मुलं कधी झाली? पाळण्यात? मी खुर्चीतून उठलो आणि जोरात टाळी वाजवली! सगळा वर्ग वळून बघायला लागला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बाळ गेलं!" ...आणि मग माझं मलाच कसंतरी झालं हो. पाळण्यातलं लेकरू. त्याच्या आईनं त्या दिवशी काय केलं असेल, आणि इकडे हा म्हातारा टाळ्या वाजवतोय. लाज वाटली. खाली बसलो.

पण आनंद काही खाली बसेना. मग एवर्टचा खरा आंदेर्स कोण? शोधला. त्याच साली, त्याच गावाबाहेर, जंगलात कोळसा पाडणाऱ्या एका पेरला पण मुलगा झाला होता. नाव? अहो, काय असणार! आंदेर्स. हा जगला, वाढला, लग्न केलं, सात मुलं केली, आणि त्यातूनच पायरी पायरीनं खाली उतरला आमचा एवर्ट. वालोनाचा टिपूस नाही! पाद्र्यानं त्या कोळसेवाल्या आंदेर्सच्या नावापुढे शेरा काय मारलाय? 'आवाज मोठा, समज कमी.' आता बोला! रक्त रक्त म्हणतात ते काय खोटं?

मी घरी निघायच्या तयारीत, कोट चढवलेला, आणि गुनवोर काय म्हणते?

"थांब. पान उलट."

"कशाला? झालं की!"

"काही झालं नाही! बाळ गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे. लोहाराच्या घरात दुसरा आंदेर्स असणार. एवर्ट तोच पुढे करेल, मग काय करशील?"

बघा! मेलेली माणसं भांडत नाहीत म्हणे! एक मेलं तर दुसरं त्याचंच नाव घेऊन उभं राहतं! कोट काढला, पान उलटलं. आणि होता हो, होता! दोन वर्षांनी, पेर लोहाराला मुलगा, आंदेर्स. मेल्या भावाच्या नावानं आयुष्यभर हाक मारून घेतली असेल बिचाऱ्यानं. आता हा एवर्टच्या बाजूचा निघाला की मी पुन्हा लापशी.

मग बसलो त्याच्या मागे. दहा वर्षांचा आंदेर्स, भट्टीत. पंधरा वर्षांचा, भट्टीत. मग बापाशी भांडण झालं असावं, कारण पाद्र्याचा शेरा, 'तापट.' आणि मग तो गाव सोडून गेला. त्या काळी पाद्र्याचा दाखला घेतल्याशिवाय गाव सोडता येत नसे, म्हणजे कुठं गेला ते लिहिलेलं असणारच. मी बोट ठेवून ओळ वाचत गेलो... आमचं गाव. ठीक आहे, येतात लोक. पुढं शेताचं नाव...

पारसेन.

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. गुनवोरला वाचायला लावलं. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावरच्या चार पिवळट केसांकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, उड्या मारायच्या होत्या. मीही तेच म्हणतो! चाळीस वर्षं ज्यानं मला लापशी म्हटलं, तो कोळसेवाल्याचा, आणि मी, मी अस्सल लोहाराचा! मी वालोन! घरी येऊन न्हाणीघराच्या आरशात बघितलं. उकडलेल्या बटाट्यासारखा चेहरा, भुवया आहेत की नाहीत हे हात लावून बघावं लागतं. म्हटलं असू दे. कागद बोलतोय ना! जरा रागावून बघितलं. जमलं नाही. पुन्हा बघितलं, तर सोल्वेइनं बाहेरून दार ठोठावलं, "पोट बिघडलंय का?"

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अहो, एवर्टचा खापरपणजोबा म्हणजे सोल्वेइचाही खापरपणजोबाच की! भाऊ-बहीण ना ती! मी फोडायला निघालो होतो मेहुण्याचं डोकं आणि समोर येतंय बायकोचं. आपलेच दात नि आपलेच ओठ! आता तिला सांगायचं तर काय सांगायचं? की बाई, ती चाळीस वर्षांची ताटं तुझ्यातल्या वालोन बाईनं फोडली नाहीत, ती तूच फोडलीस? या वयात? जिवंत राहीन मी?

पण एवर्टला सोडायचं नाही, हे ठरलेलं. बायकोचं मग बघू. बाळाच्या मृत्यूची नि पारसेनची, अशा दोन्ही नोंदींचे कागद छापून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि पार्टीची वाट बघत बसलो.

दिवस उजाडला. झाडाला चंद्रासारखे कागदी कंदील टांगले, शेपू घालून उकडलेले लालभडक झिंगे आले, चीजचा तो जाड खारा केक आला, दारूचे छोटे पेले आले. सगळ्यांच्या गळ्यात लाळेरं आणि डोक्यावर टोकदार कागदी टोपी, या पार्टीची रीतच ती. माझ्या टोपीवर झिंगा हसतोय. कागदी टोपी घालून कुणाचं घराणं बुडवायचं म्हणजे अवघडच, पण मी निर्धार केला होता. आणि एवर्ट उठला. हातात पेला.

"मंडळी," म्हणाला, "हिवाळ्यात मार्गित गेली, बायको गेली माझी. पोरं ऑस्ट्रेलियात. घरी कुणाशी बोलायचं? भिंतीशी? मंडळाचा फोन आला नसता ना, तर मी पांघरुणातून उठलोच नसतो. हातोडा देतायत, मोठे लोक आहेत. आमच्या माणसांचं असंच असतं, आग विझली तरी निखारा राहतो." मग माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आणि तरी सवय सुटत नाही, "आणि आमचा टागे बघा. लापशी! पण उपाशी माणसाला शेवटी लापशीच लागते रे."

सगळे हसले. सोल्वेइनं डोळे पुसले. माझा हात कोटाच्या आत, कागदांवर. काय करायचं होतं मी? सांगा ना! त्या माणसाकडे उरलं होतं काय? एक रिकामं घर, जिन्यातली चौकट आणि मेलेला एक वालोन. तो पण काढून घ्यायचा? मला वाईट वाटलं हो त्याच्यासाठी, खरंच वाटलं. मी हात बाहेर काढला, पेला उचलला आणि म्हटलं, "वालोनांच्या नावानं!" त्या पेल्याइतकं कडू मी जन्मात काही प्यायलो नाही.

जेवणं झाल्यावर मी अंगणाखालच्या बोटीच्या धक्क्यावर हात धुवायला गेलो, तर मागून एवर्ट आला. टोपी तशीच. फळ्यांवर बसला.

"बोलला नाहीस," म्हणाला.

"काय?"

"ते बाळ. गुनवोरच्या वर्गाला जातोस म्हटल्यावर मला कळलंच होतं, तुला सापडणार. सगळा वेळ तुझ्या कोटाकडेच बघत होतो मी."

"तुला... तुला माहितेय?"

"अरे, केव्हापासून! बाबा आजारी होते तेव्हाच सापडलं. सांगायला म्हणून हॉस्पिटलात गेलो, तर म्हातारा नर्सला सांगतोय, 'सांभाळून सुई टोच गं, वालोन आहे मी, भडकतो.' कसं सांगणार? वालोन म्हणूनच गेले. मग म्हटलं, बाप वालोन आणि मुलगा कोळसेवाला, बरं दिसतं का ते? राहून गेलं. मग चिटणीस झालो."

"आणि दुसरा आंदेर्स? तो कुठं गेला ते...?"

"पारसेनला," एवर्ट पाण्याकडे बघत म्हणाला. "ते पण माहितेय."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या कानशिलांतून जे काही गरम वर चढत गेलं ना... हेच असावं ते भट्टीचं! "माहीत होतं?" मी ओरडलो. "आणि इतकी वर्षं मला लापशी म्हणत होतास?"

"अरे, भीती वाटायची," म्हणाला. "म्हटलं, तू शोधायला बसू नयेस. लापशी म्हटलं की माणूस आपलं घराणं बघायला जात नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो. मग तो म्हणाला, "मंडळात येशील का? तुझा हक्क आहे."

"कसा येऊ? माझा आंदेर्स दाखवला की तुझा मेला."

त्यानं बराच वेळ विचार केला. एवर्टला विचार करायला वेळ लागतोच. आणि मग त्याचा चेहरा उजळला, "एक सोय आहे. नियमात आहे. सभासदाचा नातेवाईक म्हणून येता येतं."

आणि मेलेली माणसं कुणाला त्रास देत नाहीत म्हणे! तर आता मी दर महिन्याला मंडळाच्या बैठकीला जातो. दाराजवळची खुर्ची. मत द्यायचा हक्क नाही. बैठकीतले सगळे एकमेकांवर वालोनपणानं ओरडतात, आणि मधल्या सुट्टीत पाहुण्यांनी कॉफी द्यायची असा रिवाज आहे, म्हणून मी कॉफी देतो. परवा त्यांच्यातली एक काळ्या भुवयांची बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुझं कौतुक वाटतं रे. आपलं काही नसताना येतोस, आमचं सगळं ऐकून घेतोस."

मी म्हटलं, "साखर किती?"